पंचविशीतलं लिखाण

केंब्रिजच्या दवाखान्यात रविवारचं स्तोत्र गुणगुणत बसलेली प्रुडन्स कान देऊन ऐकू लागली. शेजारच्या बाकावर एक म्हातारी आपल्या नवऱ्याला जुनं पुस्तक वाचून दाखवत होती.

“थांबा बाई. इथं हा लिहिणारा पोरगा घसरला. चार कावळे काळे दिसले म्हणून सगळे काळे?”

“पोरगा कसला? अहो, तुमचंच हे, पंचविशीतलं!”

“थट्टा करता? जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं मी. अन् पहिल्या पानावर ‘थिओडोरासाठी’? कोण ही?”

“...त्या पोराची बायको.”

“तिला कळायचं हे?”

“काडीचं नाही. पण तो वाचायचा, ती ऐकायची.”

“मग त्याला सांगा, तर्क चुकला तर चुकू दे, हिला सोडू नकोस.”

“नाही सोडलं हो त्यानं. ऐका, पुढचं वाचते.”