तांब्यावर जाणारा, कागदावर येणारा

अमळनेरच्या स्टँडवर धुळ्याच्या बसची वाट बघता बघता मोहिनीबाईंचा डोळा लागत होता. शेजारच्या बाकावर एक मासे विकणारी म्हातारी रिकामी टोपली घेऊन बसली होती, आणि तिच्याजवळ चित्रकलेच्या कॉलेजातली एक पोर, मांडीवर छापचित्रांचं पुस्तक उघडून. दोघींचं बोलणं पाण्याखालून यावं तसं येत होतं.

“हाऊ कोठला मासा शे, पोरी?”

“हॉलंडचा, आजी. साडेतीनशे वर्षांपूर्वी छापलेला.”

“व माय! आजून ओला दिसस.”

“तांब्याच्या पत्र्यावर मेण लावायचं आणि सुईनं मासा काढायचा. मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. सुई फिरली तिथलं तांबं ॲसिड खातं. त्या रेघांत शाई भरून कागद दाबायचा.”

“आन हाऊ?”

“हा माझा पत्रा. आणि हा त्याचाच छाप.”

“तांबावर मासा तिकडे जास, आन कागदवर इकडे येस?”

“छापताना उलटंच होतं, आजी.”

“दर टाइमले?”

“दर वेळी.”

धुळ्याची बस लागली. मोहिनीबाईंनी डोळे उघडले, पण उठल्या नाहीत.

“पोरी, मना मालक होडी लिसन तापीवर गया, परत उना नही. बारा वरीस व्हई गयात. त्याले काढशी का?”

“काढीन की. होडीत बसून घरी येताना काढू?”

“नही. तांबावर जातांनाच काढ. कागद तेवढा मना हातमा दे.”