दागिने उतरवल्याशिवाय विसर्जन नाही

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मी मंजिरीची सासू. सुनेच्या शोकसभेत सासूने बोलावं, अशी वेळ कुणावर येऊ नये. तरी उभी राहिलेय. कारण गेले बारा दिवस एकच ऐकतेय, बिचारीचं काम वाया गेलं.

नाही गेलं.

काम काय होतं? अंध मुलींना शाळेची पुस्तकं मराठीत वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. नोकरी सांभाळून, दोन वर्षं, घरच्या कॉम्प्युटरवर. मी मॅट्रिक, मला काय कळणार? तिने समजावलं. आई, हा कंटेनर, म्हणजे तात्पुरता डबा. काम यात करायचं. डबा बंद केला की आतलं सगळं पुसलं जातं. मी म्हटलं, मग असल्या डब्यात काम करावंच कशाला?

"आई, गणपती मातीचाच आणता ना? आणि विसर्जनाआधी दागिने उतरवून घेता ना? तसंच."

रोज संध्याकाळी झालेलं काम ती बाहेर काढून ठेवायची. शेवटचा आठवडा मात्र नाही. प्रोग्रॅम जोडाक्षरांना अडखळत होता. नीट बोलू दे, मग एकदमच उतरवते, म्हणाली. ज्या दुपारी तो नीट बोलला, त्याच दुपारी तिला दवाखान्यात हलवलं. ती परत आली नाही.

घरी कॉम्प्युटर चालूच, आत तो डबा उघडाच. आमचे भाऊजी इथे बसलेत, त्यांच्यासमोरच सांगते. म्हणाले, वहिनी, शेजाऱ्यांनी लावलेला जिन्यातला दिवासुद्धा तुम्ही बंद करता, आणि हे यंत्र सुतकात कुणासाठी घुमतंय? खरंच आहे. वाया गेलेलं मला काहीच बघवत नाही. म्हणूनच कॉम्प्युटरच्या बटणापाशी पाट मांडून बसले.

"भाऊजी, दागिने अंगावर आहेत अजून. विसर्जन होणार नाही."

चार दिवस बसले. जपमाळ तिथेच ओढली. कुणी म्हणालं, दुःखाने डोक्यावर परिणाम झालाय. म्हणू देत. मंजिरीच्या ऑफिसातली शबाना गावाहून परतली ती थेट आमच्याकडे आली. तासभर कॉम्प्युटरपुढे मान खाली घालून काम केलं आणि मग म्हणाली, "काकू, सगळं निघालं. आता बंद करा."

तेव्हा मी बटण दाबलं. आणि तेव्हाच रडले.

देवाने माझी मूर्ती नेली. त्याची इच्छा, त्याच्याशी मी देव्हाऱ्यात भांडेन. दागिने नेऊ दिले नाहीत.

आता सगळ्यांनी उभं राहूया. आपण गप्प राहायचं. शबाना, लाव गं. तिसरीचा धडा आहे, जोडाक्षरांसकट. पहिल्या रांगेतल्या अंधशाळेच्या पोरींनो, ऐका. मंजिरीताई वाचतेय.