पहिलं बरं की दुसरं?

मामा: मान सरळ. तक्त्याकडे बघ, माझ्याकडे नको. आता सांग, पहिलं बरं की हे दुसरं?

भाची: पहिलं.

मामा: झालं! ऐकलंस का गं? पहिलंच बरं! ‘मागचा जिना’बद्दल मी तरी वेगळं काय म्हणतोय?

मामी: अहो, ती काचेबद्दल बोलतेय. डोळे तपासायला आलीये पोर, तिला तुमच्या सह्यांच्या मोहिमेत कशाला ओढता?

मामा: मग कुणाला ओढू? आठ वर्षांची होती तेव्हापासून दर गुरुवारी माझ्या शेजारी बसून मालिका बघितलीये तिनं. एकशे चार भाग! तेवीस वर्षांनी ती नव्यानं काढताहेत म्हटल्यावर दुकानात पेढे वाटायचेच बाकी होते. आणि जाहिरात बघतो तर काय, जिना चकचकीत! अगं, त्या जिन्यावर त्या बाईचं भूत राहील? घसरून पडेल बिचारी.

भाची: चकचकीत नाहीये, मामा. नुसता झाडून घेतलाय.

मामा: तुला काय माहीत?

भाची: म्हणजे... दिसतं ना जाहिरातीत.

मामा: पाऊण नंबर वाढलाय तुझा आणि तुला झाडलेला जिना दिसतो? डावा डोळा झाक. चौथी ओळ वाच.

भाची: ग... म... ट... पुढचं काय आहे? भ?

मामी: घ. घुबडातला.

मामा: तू सांगू नकोस गं! परीक्षा आहे ही.

मामी: तीस वर्षं तोच तक्ता बघतेय समोर. झोपेत म्हणून दाखवीन. आणि मला विचाराल तर मला आवडली हो जाहिरात. नव्या बाईचे केस तरी बघा किती छान. जुन्या भुताचा तो गुंता बघून मला वाटायचं, फणी घ्यावी आणि टीव्हीत शिरावं.

मामा: भुताला केस विंचरायला वेळ असतो का?

मामी: मेल्यावर दुसरं काय काम असतं?

भाची: मामी!

मामी: खरं तेच सांगते. आणि फार घाबरवायची ती, असंही नाही. घाबरायचे ते हेच. उशी पोटाशी धरून बसायचे. ती जिन्यात उगवली की उशी तोंडावर. मग मला विचारायचे, ‘गेली का गं?’

मामा: ती उशी हिच्यासाठी होती. पोर घाबरली तर हाताशी असावी म्हणून.

भाची: माझी वेगळी होती, मामा. पिवळी.

मामा: विषय बदलू नका. जिना, केस, सगळं मी पोटात घातलं असतं. पण शेवटचं वाक्य? प्रत्येक भागाच्या शेवटी काय व्हायचं? दिवा फडफडायचा. जिन्यावरची बाई तिसऱ्या मजल्यावरच्या त्या छोट्या मुलीकडे वळायची, आणि म्हणायची...

भाची: ‘येते हं.’

मामा: ‘येते हं!’ आणि नाहीशी. आणि पुढच्या गुरुवारी हजर! शेवटच्या भागातही तेच म्हणाली आणि मालिका बंद पडली. ना शेवट, ना काही. आमच्या चाहत्यांच्या ग्रुपमधले दोनशे बारा लोक तेवीस वर्षं त्या एका शब्दावर बसून आहेत. आणि आता ती खरोखर परत येते, आणि त्या पोरीला काय सांगते? ‘जाते मी.’ जाते! घरातून निघताना माणूस असं म्हणतो का? हाडामांसाचा म्हणत नाही, आणि हिला तर हाडंसुद्धा नाहीत!

भाची: मामा, काच उलटी धरलीयेस.

मामा: रागानं झालं. हे बघ, ते पत्र तिथे ट्रेखाली आहे. तू लिहिणारी माणूस. नाटकं लिहितेस, जाहिराती लिहितेस. उद्या सगळ्यांच्या सह्यांनिशी पाठवायचंय. व्याकरण तेवढं बघ.

भाची: आत्ता?

मामा: आत्ताच. नव्या काचांची परीक्षा होईल. मोठ्यानं वाच.

भाची: ‘आम्ही समस्त जिनेकरी...’ जिनेकरी?

मामी: रात्रभर जागून शोधलाय तो शब्द. हसू नकोस.

भाची: ‘...आम्ही समस्त जिनेकरी या अक्षम्य शब्दबदलाचा तीव्र निषेध करतो. ज्या गाढवाने...’ मामा!

मामा: तिथे ‘गृहस्थाने’ घालू. पुढे.

भाची: ‘...हे वाक्य लिहिले, त्याने मूळ मालिका एकदाही पाहिलेली दिसत नाही. सदर लेखकाच्या डोळ्यांची तपासणी होणे अत्यंत गरजेचे असून, ती मी स्वतः माझ्या दुकानात करून देण्यास तयार आहे.’

मामा: कसं वाटलं? जरा खोचक झालंय, पण हवंच.

भाची: ‘सदर’ काढ. आणि लेखक नाही. लेखिका.

मामा: कशावरून?

भाची: आणि ‘तयार आहे’ पण काढावं लागेल. तू करतोच आहेस.

मामा: काय करतोय?

भाची: तपासणी.

मामी: अहो, ती काच आधी खाली ठेवा. पडेल हातातून.

मामा: तू?

भाची: मी.

मामा: ‘जाते मी’ तू लिहिलंस?

भाची: हो. दहाही भाग मीच लिहिलेत. चार महिने झाले.

मामा: चार महिने! दर रविवारी फोन करून मला गुडघ्याचं विचारतेस, दुकानाचं विचारतेस, आणि हे पोटात ठेवून?

भाची: सांगणारच होते. पण जाहिरात आली त्याच दिवशी तू फोनवर म्हणालास, ‘तो गाढव मला भेटू दे.’ मग कुठल्या तोंडानं सांगू?

मामा: दोनशे बारा लोकांसमोर मी... आणि तू गं? तुला धक्का कसा नाही बसला?

मामी: मला ठाऊक होतं.

मामा: हिनं सांगितलं?

मामी: कुणी कशाला सांगायला हवं? जाहिरातीत ती बाई पोरीला काय म्हणते पहिल्यांदा? ‘पाय पुसून वर ये, फरशी ओली आहे.’ जगात एकच बाई असं बोलते. तीस वर्षं याच दारात बोलतेय. तेव्हाच कळलं, लिहिणारी घरचीच आहे. मला भूत केलंय, तेवढं सोडलं तर बरं लिहिलंय.

भाची: चांगलं भूत आहे, मामी.

मामी: असणारच. केस विंचरलेत.

मामा: हसू नका दोघी. मला हसू येत नाहीये. तू तरी का गं? तुला त्या शब्दाची किंमत माहीत नाही?

भाची: मलाच माहीत आहे, म्हणून तर. ऐक ना. आज संध्याकाळी शेवटचा प्रसंग चित्रित होणार आहे. जाहिरातीसाठी तो तुकडा वेगळा घेतला होता. दिग्दर्शकबाई म्हणाल्यात, पाच वाजेपर्यंत शेवटचं वाक्य कळव, तू म्हणशील तेच राहील. आणि मला ठरवताच येत नाहीये. मला तुझा राग घेऊन ते लिहायचं नाहीये, मामा. डोळ्यांसाठी नव्हते आले मी.

मामा: नंबर वाढलाय पण.

भाची: वाढू दे. तू ऐकणारेस का?

मामा: ऐकतोय. तोवर उजवा डोळा झाक.

भाची: मी इथे, दुकानामागच्या घरात, तुमच्याकडे चार वर्षं होते. आई नोकरीच्या गावी. एक रविवार आड यायची, आणि संध्याकाळी निघताना दारात म्हणायची, ‘येते हं.’

मामा: आणि यायची! एक रविवार चुकवला नाही ताईनं.

भाची: एक चुकला.

मामी: बसचा संप होता तेव्हा.

भाची: मी सकाळपासून त्या खिडकीत उभी होते. रविवार गेला. सोमवार, मंगळवार, बुधवार.

मामा: आणि गुरुवारी? पुढचं सांग ना! मालिका चालू होती, जिन्यावरची बाई दिसली, आणि नेमकी आपल्या दारावर थाप!

मामी: आणि हे उशी घेऊन सोफ्यावर चढले. मी दार उघडलं तर यांनी ती उशी फेकून मारली ताईंना. सख्ख्या बहिणीला!

भाची: आईच्या चष्म्याची दांडी मोडली होती.

मामा: मी लगेच नवी बसवून दिली. पण आली ना? ‘येते’ म्हणाली, आली!

भाची: आली रे. पण मला चार दिवस माहीत नव्हतं ती येईल. मला एवढंच कळत होतं की ती गेलीये, आणि ते मला कुणी सांगितलंच नाही. सगळे नुसते ‘येते, येते’. एकदा जरी म्हणाली असती ना, ‘बाळा, मी जातेय,’ तर मी रडले असते दणकून, आणि मग जेवले असते. म्हणून मी त्या बाईला खरं बोलायला लावलं. तिला आता कायमचं जायचंय. त्या मुलीला सांगून जाऊ दे.

मामा: तुझ्या आईच्या घशातून निघाला असता तो शब्द? दारात उभं राहून, तू तिच्या ओढणीला लोंबकळत असताना?

भाची: माहीत नाही. तिनं कधी प्रयत्नच केला नाही.

मामा: केला होता.

भाची: काय?

मामा: पहिल्यांदा सोडायला आली तेव्हा. तू आत खेळत होतीस. ताई मला म्हणाली, ‘मी तिला सांगते, मी जातेय म्हणून. फसवत नाही.’ मीच अडवलं. म्हटलं, पोर हंबरडा फोडेल. त्या जिन्यावरच्या बाईसारखं ‘येते हं’ म्हण आणि नीघ. तिला आवडते ती मालिका.

भाची: तू सांगितलंस?

मामा: मी. झालं समाधान? गाढव मी.

मामी: गृहस्थ म्हणा. पत्रात तसंच घालणार होतात ना?

मामा: मला वाटलं, त्यानं तुझं रडू थांबेल. थांबलंही. तू खिडकीत उभी राहायचीस ते मला दिसायचं, पण मला वाटायचं, वाट बघतेय, म्हणजे भरवसा आहे. माझा तर त्या शब्दावर अजून भरवसा आहे. तो काढू नकोस गं.

भाची: आणि मी ठेवला, तर ती बाई खोटं बोलून जाते. परत येणारच नाहीये ती. ते मी नाही लिहू शकत.

मामा: मग मी पत्र नाही फाडू शकत.

भाची: नको फाडूस.

मामा: नाहीच फाडत.

मामी: दोघांना एकाच दांडीनं बडवायला हवं.

भाची: साडेचार झाले. मला निघायला हवं, मामा. तुझ्याशी भांडायला नव्हते आले. ठीक आहे. जाते मी.

मामा: जाते काय म्हणतेस? येते म्हण!

(बाहेर एक दुचाकी दोनदा सुरू होता होता बंद पडते.)

भाची: परत म्हण.

मामा: काय?

भाची: आत्ता म्हणालास ते.

मामा: अगं, रागात असलं तरी ‘जाते’ म्हणून निघू नये माणसानं, एवढंच. तोंडातून आपोआप गेलं.

भाची: मामा, ती बाई म्हणते, ‘जाते मी.’ खरं तेच सांगते. आणि ती मुलगी, तिसऱ्या मजल्यावरची, रडत नाही, काही नाही. घरात ऐकलेलं असतं ना तिनं, तशी डाफरते तिच्यावर. ‘जाते नाही म्हणायचं. येते म्हण.’

मामी: अगं बाई.

मामा: भुताला?

भाची: भुताला! तेच शेवटचं वाक्य. बाईचं नाहीच, त्या मुलीचं. मामी, माझा फोन कुठाय?

मामी: तुझ्या हातात आहे.

भाची: हॅलो, बाई? हो, सापडलं. लिहून घ्या. नाही, ‘जाते मी’ तसंच. त्यानंतर मुलगी बोलेल. हो, छोटी. लाडात नाही, ओरडून. आपल्या घरात ओरडतात तसं... हो ना? मलाही आला काटा. नाही, मला नाही सुचलं. माझ्या मामाला सुचलं. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. येते, येते, वीस मिनिटांत पोचते.

मामा: मला कुठे सुचलं? मी आपलं बोललो.

भाची: श्रेयनामावलीत नाव घालू?

मामा: नको. ग्रुपमधून काढतील मला. बरं, पण एक सांग. त्यावर ती काय म्हणते?

भाची: कोण?

मामा: जिन्यावरची. पोर म्हणाली ‘येते म्हण.’ मग? म्हणते का?

भाची: दिवा फडफडतो.

मामा: आणि?

भाची: आणि शेवटच्या भागाच्या गुरुवारी टीव्हीसमोर बस. उशी घेऊन. मामी, माझी पिशवी. उशीर झाला. पाया पडत नाही आता, पुढच्या वेळी दोनदा पडते. मामा...

मामा: काय गं, घुबडे?

भाची: येते हं.

मामा: ये.

मामी: पळाली. वाऱ्यासारखी. आता त्या पत्राचं काय करताय?

मामा: पाठवणार. फक्त जिन्याबद्दल. तो झाडायला नको होता, या मताचा मी आहेच.

मामी: नाक पुसा आधी. आणि अहो, हे काय? हिचा चष्मा इथे ट्रेमध्येच. म्हणजे ती तुमची तपासणीची फ्रेम घालून गेली की काय? ती लोखंडी, गोल, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली?

मामा: तशीच गेली? रस्त्यानं?

मामी: तशीच. लोक बघून घाबरतील हो. हाक मारू का? कोपऱ्यापर्यंतच पोचली असेल.

मामा: असू दे. येते म्हणालीये ना.