विलासने सोबत नेलेलं वाक्य

ओतूरकर मंडळी, पिंपळवंडीहून आलेल्या माझ्या लेकी-सुनांनो, आयुष्यभर वर्गात बोललो. पण आपल्याच विद्यार्थ्याच्या फोटोला हार घातलेला असताना काय बोलायचं, ते मला येत नाही. सांभाळून घ्या.

विलास दवाखान्याचे कंप्युटर बघायचा. ओतूरचा दवाखाना आणि पिंपळवंडीची शाखा त्यानेच जोडली. रुग्णांची माहिती वाटेत कुणी वाचू नये म्हणून खासगी वाट केली. व्हीपीएन म्हणतात तिला. तिची किल्ली म्हणजे एक फाइल, आणि तीही कुलूपबंद. लोडशेडिंग संपून लाइट आली की ते कुलूप उघडायला कंप्युटर परवलीचं वाक्य मागायचा. ते एकट्या विलासला ठाऊक. विलास ताटावरून उठून यायचा.

मी म्हणायचो, "अरे, किल्लीचं कुलूप एकदाच काढून ठेव ना!"

तो म्हणायचा, "गुरुजी, उघडी किल्ली कुणी उचलली, तर माणसाचा आजार घरच्यांच्या आधी पारावर कळंल."

गेल्या आठवड्यात त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. मागोमाग लाइट गेली, आली. कंप्युटर वाक्य मागत बसला.

दवाखान्यातल्यांनी इंजिनिअर आणला, मलाही बोलावलं. "गुरुजी, तुमचा लाडका व्हता. तुमच्याच कवितेची वळ आसंल." मी शाळेतल्या कविता म्हणत गेलो, इंजिनिअर टाइप करत गेला. मी रंगलो. डोळे मिटले. खिडकीजवळच्या बाकावर विलास दिसला, उन्हात, ओठ हलवत. शेवटी इंजिनिअर म्हणाला, "आवरा राव गुरुजी, त्यो कंप्युटर नाय म्हणतोय."

हे हसण्यावारी गेलं. पण सुनंदाचं काय? त्याच्या बायकोचं? भेटायला येणारा आधी डोळे पुसतो, मग विचारतो, "वहिनी, काय आठवतंय का?"

काल ती मला म्हणाली, "झोपेत काय बोलायचे, ते पन आठवून पाह्यलं. लई पाह्यलं. बायकू आसून मला एक वाक्य ठावं न्हाई. मंग मी त्यांना वळखत तरी व्हते का?"

मित्रहो, हे तिला कुणी विचारायला लावलं?

इंजिनिअर सांगतो, माहिती शाबूत आहे. जुनी किल्ली उघडणार नाही. नवी करून दोन्हीकडे बसवता येते. त्याला कष्ट पडतात. वहिनीला विचारायला पडत नाहीत. एवढंच ना? नवी करा. तिच्या दारात पुन्हा जाऊ नका.

सुनंदा, पोरी, त्याने तुझ्यापासून काही लपवलं नाही. ते वाक्य आम्हा सगळ्यांच्या दुखण्यांवरचं पांघरूण होतं. म्हणून त्याने ते कुणालाच दिलं नाही.

आता उभे राहू. दोन मिनिटं शांत राहू. आणि पोरी, एवढा वेळ तरी तू काही शोधू नकोस.