विमानतळावर अनवाणी

आमच्या दिनेशच्या कोड्यांचा तुम्हाला अनुभव नाही, म्हणून हसताय. परवा पनवेलहून नव्या विमानतळावर पोचेपर्यंत त्याने माझं डोकं खाल्लं. त्याच्या मुलीला नोकरीसाठी बंगळूरला जायचं होतं, तिला सोडायला त्याची आईपण आली होती. प्रत्येक कोड्यात मी आपटलो की हा म्हणायचा, "जे सांगितलंच नाही, ते तू धरून चालतोस!"

उतरलो, तर त्याच्या आईने चपला काढल्या, पिशवीत टाकल्या आणि चालायला लागली.

मी म्हटलं, "मावशी, तपासणी आत जाणाऱ्यांची असते. आपण दारातूनच परत फिरणार."

दिनेश खूश. "हं, हे कोडं सोडव. आईने चपला का काढल्या?"

"चावत असतील."

"नाही."

"फरशी चकचकीत आहे म्हणून?"

"नाही रे. तू काय धरून चाललायस, ते सांग."

"हा विमानतळ आहे, एवढंच."

त्यावर त्याने आईकडे बघितलं. मावशीच बोलल्या, "आमचा गाव हितंच व्हता ना. घरात कोन चपला घालून जातं काय?"

त्यांचं घर विमानतळासाठी गेलं, हे मला माहीत होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "पण मावशी, घर नेमकं कुठं होतं?"

मावशींनी गाड्यांच्या रांगेपासून काचेच्या दारापर्यंत नजर फिरवली.

"तेच तर आता कलत नाय. म्हनून सगलीकडंच अनवानी."