दीडशे किलो उचलणारी झोळी

आता मला सांगा, माणूस सकाळी गेला आणि त्याला उचलायचं यंत्र दुपारी आलं, तर सही कुणी करायची? मंगळवार होता, साधा मंगळवार, मी घरच्या गॅरेजात बाबांच्या जुन्या गाडीचे प्लग पुसत होतो, हॉस्पिटलातून फोन आला, बाबा गेले म्हणून... आणि हातातला प्लग मी पुसून पूर्ण केला, का ते विचारू नका. दुपारी दारात टेम्पो. पेशंटला झोळीत घालून पलंगावरून खुर्चीत ठेवणारी लिफ्ट. आठ महिने अर्ज करत होतो तिच्यासाठी. टेम्पोवाला म्हणतो, "पेशंटची सही लागेल." म्हटलं, पेशंट नाहीत. "मग कधी येतील?" ... परत न्या म्हटलं, तर म्हणतो, "परत न्यायचा कागद माझ्याकडे नाही, काका. पण वस्तू दणकट आहे. दीडशे किलो उचलते, लिहिलंय तिच्यावर."

दीडशे. बाबा शेवटी अठ्ठेचाळीस भरले होते हो. आणि त्यांना आम्ही कसं उचलायचो? मी काखेत हात घालून, धाकटा भाऊ पाय धरून, "चला चला बाबा, उशीर होतोय" करत. ते बापडे एवढंच म्हणायचे, "एकदा गाडीपाशी न्या रे, इंजिन काढून बघू." कोण नेतंय?

दोन महिने लिफ्ट गॅरेजात उभी. मग धाकटा म्हणाला, "दादा, इंजिन असेल नव्वद किलोचं. ही दीडशे उचलते, लिहिलंय तिच्यावर." घातलं इंजिन झोळीत. बाबांच्या मापानं मागवलेली झोळी, ऑइलनं माखली. आणि तुम्हाला सांगतो, हा पठ्ठ्या सोबतची पुस्तिका मोठ्यानं वाचतोय, "उचलण्यापूर्वी पेशंटला शांतपणे कल्पना द्या." इंजिनाला थोपटून म्हणतो, "बाबा, उचलतोय हं." हसलो आम्ही. हसता हसता तो बाहेर गेला, तोंड धुवायला म्हणे.

मी लिफ्टचा दांडा मारत राहिलो. इंजिन वर आलं... ना धक्का, ना कुरकुर. इतकं अलगद आम्ही त्यांना एकदाही उचललं नव्हतं. मग मी पुस्तिकेतली पुढची ओळ वाचली. खाली ठेवल्यावर पेशंटला विचारा, कुठे दुखत नाही ना?

आठ महिन्यांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं.

धाकटा रोज डोकं खातो, "दादा, उतरव की आता, किती दिवस लटकत ठेवणार?" मी म्हणतो, असू दे, दीडशे किलो उचलते, लिहिलंय तिच्यावर.

इंजिन अजून खाली ठेवलेलं नाही.