डिकीवरचा लाल स्टिकर

थायलंडमधल्या कोरात शहरातल्या गॅरेजात मी टायरची वाट बघत बसलो होतो. शेजारी चेपलेल्या निळ्या गाडीच्या डिकीपाशी तावी मिस्त्री आणि एक बाई उभी होती.

"हळू हो, दादा! फाटेल तो."

"ताई, गरम हवेनं गोंद सैल होऊ द्या. नखानं ओढू नका."

"कोपरा दुमडला का?"

"नाही दुमडला. खालून दोरा सरकवतोय. तुम्ही आधी श्वास घ्या बघू."

"आमच्या ह्यांचा जन्म रविवारचा. रविवारच्या माणसाला निळा रंग अशुभ. म्हणून गाडी घेतली त्याच दिवशी 'ही गाडी लाल आहे' हा स्टिकर लावला."

"तरी ठोकलीच ना?"

"ठोकली, पण जीव वाचला! ह्यानंच वाचवला."

"हा घ्या, सुटला अख्खा. नव्या डिकीवर लावू?"

"गाडीचं राहू द्या. ह्या प्लास्टिकवर चिकटवून द्या. दुपारी ऑपरेशन आहे त्यांचं. तिथे चादर निळी, झगा निळा, पडदेसुद्धा निळेच."

"अहो, पण ह्यावर 'ही गाडी' असं लिहिलंय."

"स्ट्रेचरला चाकं असतात ना, दादा? असतात ना?"